डाव्या पंखाची टाकी

आमच्या घरातलं कुठलंच दार पूर्ण लागत नाही. प्रत्येक उंबऱ्यापाशी एक वीट ठेवलेली असते आणि दार त्या विटेवर येऊन थांबतं. नवीन पाहुणा आला की तो सभ्यपणे वीट बाजूला सारून दार लावायला जातो आणि आमचे चेहरे पाहून ती परत जागेवर ठेवतो. ही पद्धत माझ्या बायकोची. तिचं माहेर औसा तालुक्यातलं, भूकंपात गेलेल्या गावांपैकी एक. त्या पहाटे ती पंधरा वर्षांची होती. दगडमातीची भिंत अंगावर आली आणि ती दुपारपर्यंत ढिगाऱ्याखाली राहिली, पूर्ण शुद्धीत. उजवा हात तेवढा मनगटापासून हलत होता. हातात काचेच्या बांगड्या होत्या. त्या ती दगडावर वाजवत राहिली, आणि दुपारी कधीतरी कुणाच्या तरी कानावर तो आवाज पडला.

तेव्हापासून तिचे दोन नियम. एक, दार लावायचं नाही. दोन, झाकण लावायचंच असेल, मग ते ट्रंकेचं असो की ज्वारीच्या कोठीचं, तर आधी आत हात फिरवून बघायचा. लग्नानंतर वर्षभर मी या दुसऱ्या नियमाची भरपूर टिंगल केली. एकदा कोठीत खरंच मांजरीचं पिल्लू सापडलं, तेव्हा टिंगल थांबली.

मी लोह्याच्या आयटीआयमध्ये पत्रेकाम शिकवायचो. त्याआधी तरुणपणी चार वर्षं एका विमानांच्या कारखान्यात होतो. तिथं दिवसभर रिव्हेट ठोकायचे आणि संध्याकाळी आपण ठोकलेलं विमान दुसराच कुणी उडवतोय हे मान वर करून बघायचं. ते खूळ डोक्यातून गेलं नाही. पोरगी शाळेत जायला लागली तेव्हा दोन माणसं बसतील अशा छोट्या विमानाचे नकाशे मी मागवले, घरामागे पत्र्याची शेड घातली आणि हैदराबादहून ॲल्युमिनियमचे पत्रे आणले. गावात मला विमानवाले सर म्हणायला लागले. समोर म्हणताना 'सर'वर जोर असायचा, पाठीमागे 'विमान'वर. मला दोन्हीचा राग यायचा. मला तसा पुष्कळ गोष्टींचा राग येतो.

अशा विमानात पेट्रोलची टाकी वेगळी बसवत नाहीत. पंखाचा पुढचा गोल भाग हीच टाकी. पत्रा वाकवून त्याचं पन्हळ करायचं, आत थोड्याथोड्या अंतरावर आडव्या फासळ्या रिव्हेटनं बसवायच्या आणि शेवटी मागून एक लांब पत्र्याची पट्टी लावून सगळं बंद करायचं. रिव्हेट शेकड्यांनी, आणि त्यातला एकही ठिबकता कामा नये. म्हणून प्रत्येक सांध्यात, प्रत्येक रिव्हेटवर एक लुकण भरावं लागतं. पांढरं आणि काळं असे त्याचे दोन भाग येतात. दहाला एक या प्रमाणात वजन करून ते कालवायचे. आम्ही सोनाराकडचा जुना तराजू आणला होता. लुकण कालवलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. तो कपड्यांना लागतो, केसांना लागतो, आणि कुल्फीच्या काडीनं कितीही जपून लावलं तरी शेवटी कानाच्या पाळीला काळा ठिपका असतोच. थंड हवेत ते दोन तास मऊ राहतं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात अर्ध्या तासात रबर होतं. त्यामुळे काम उजाडता उजाडता सुरू करायचं आणि ऊन पत्र्यावर चढायच्या आत आवरायचं.

आणि हे काम एकट्याचं नाही. एकानं बाहेरून हवेच्या बंदुकीनं रिव्हेटचं डोकं ठोकायचं, दुसऱ्यानं आत हात घालून डॉली, म्हणजे लोखंडाचा ठोकळा, रिव्हेटच्या शेपटीला घट्ट टेकवून धरायचा. माझा पंजा फावड्याएवढा, तो फासळ्यांच्या मध्ये जात नाही. बायकोचा हात बारीक. पहिल्या दिवशी मी तिला बांगड्या काढून ठेव म्हणालो, तर ती म्हणाली, "नवरा समोर बसलाय अन् मी हात मोकळा करू व्हय?" तेवढंच कारण नव्हतं, हे मला ठाऊक होतं. शेवटी माझा जुना पायमोजा कापून तिनं बांगड्यांवर चढवला आणि हात आत घातला.

दोन वर्षं आम्ही असं काम केलं. रोज पहाटे तास-दीड तास. मी "हं" म्हणायचो, बंदूक तडतडायची, ती "बसला" म्हणायची. बोलणं एवढंच. पण लग्नानंतर इतक्या वर्षांत मी कुणाशी इतकं बोललो नसेन. एखादा रिव्हेट वाकडा गेला तर माझ्या आधी तिला कळायचं. "ह्यो मेला तिरपा बसला, काढा त्याला." मी चिडायचो, भिंग घेऊन बघायचो, आणि तो तिरपाच असायचा.

मग पोरीची दहावी झाली. मार्क चांगले पडले, आणि आमच्या भागात चांगले मार्क पडलेल्या पोरीचं एकच करतात, तिला डॉक्टरकीच्या तयारीसाठी लातूरला नेऊन ठेवतात. पोरीबरोबर आईही जाते. क्लासच्या आसपासच्या गल्ल्यांतून दहा बाय दहाच्या खोल्या घेऊन तालुक्यातालुक्यातल्या आया राहतात. पोरीला वेळेवर गरम खायला मिळावं आणि तिनं पुस्तकातून मान वर काढू नये, एवढ्यासाठी. बाप गावाकडे नोकरी किंवा शेती बघतो आणि रविवारी डबे, लोणच्याच्या बरण्या घेऊन एसटीनं जातो. दोन वर्षांचा तर प्रश्न, असं सगळे म्हणतात. मीही म्हणालो.

त्या जायच्या आदल्या दिवशी डाव्या टाकीचे आतले शेवटचे रिव्हेट राहिले होते. ते संपवूनच जाते म्हणून बायको हट्टाला पेटली. शेवटून तिसऱ्या रिव्हेटला तिचा हात कोपऱ्यात अडकला, तिनं तो ओढला आणि मोज्यातल्या मोज्यात एक बांगडी वाढली. हिरवी होती. तिनं वर्तमानपत्रावर मोजा झटकला, तुकडे गोल मांडले. बोटाच्या अर्ध्या पेराएवढा एक तुकडा कमी भरला. आम्ही टॉर्च लावून पाहिलं, दिसला नाही.

"आत कुटंतरी गेलाय," ती म्हणाली. "मी आल्याबिगर पट्टी बसवू नका. मी हात फिरवीन, मग बंद करू."

"बरं," मी म्हणालो. खरं तर मी ऐकत नव्हतो. उद्या घर रिकामं होणार याचा राग मला आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

त्या गेल्या आणि शेडमधलं काम तिथंच थांबलं. आयटीआयमधून आलो की मी कुलूप काढायचो, दार विटेवर टेकवायचो, आत जाऊन उघड्या टाकीसमोर स्टुलावर बसायचो आणि उठून चहा करायला जायचो. फ्रिजमध्ये दुधाची पिशवी आणि लुकणाचे डबे, बस. घरात दुसरं माणूस नसलं की आपण किती आवाज करतो ते कळतं. चमचा खाली पडला तरी मी दचकायचो. एकटेपणाला इतका भ्यालेला मी कधीच नव्हतो, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण तालुक्यातले अर्धे बाप तसेच राहत होते आणि रविवारच्या एसटीत एकमेकांना हसून हात करत होते.

बायको रोज संध्याकाळी फोन करायची. पोरीचे टेस्टचे मार्क सांगायची आणि शेवटी विचारायची, "टाकी बंद न्हाई ना केली?"

"न्हाई."

"दिवाळीला येते, तवा करू."

दिवाळीला क्लासला तीन दिवस सुट्टी मिळाली आणि ते पाहुण्यांतच गेले. दुसऱ्या दिवाळीला पोरीच्या टेस्ट होत्या. मग परीक्षा झाली आणि प्रवेश थोडक्यात हुकला. पोरगी रिपीट करणार असं ठरलं. ठरल्यावर मला कळवण्यात आलं. त्याच सुमारास बायकोनं शेजारच्या खोलीतल्या दोन पोरींना जेवायला घालायला सुरुवात केली होती. दोनाच्या बारा झाल्या, बाराच्या चाळीस. तिनं खाली गाळा घेतला, दोन बाया हाताखाली ठेवल्या आणि मेस चालवायला लागली. मी रविवारी जायचो तेव्हा गोडाचं जेवण असायचं. रांगेतल्या पोरांना वाटायचं, मी कुणाचा तरी बाप आहे. ती मला बसायला खुर्ची द्यायची आणि पुन्हा परातीकडे जायची. तिचा चेहरा उजळला होता. तिला तसं पाहून मला बरं वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं नाही.

लुकणाला मुदत असते. फ्रिजमधल्या नव्या डब्यांची ती पुढच्या वर्षीच्या मे महिनाअखेर संपत होती. मी फोनवर म्हणालो, "दोन दिवस ये, पट्टी बसवून टाकू." ती म्हणाली, "उन्हाळी बॅच चालू हाय, चाळीस ताटं कुणाच्या भरोशावर टाकू?" बरोबरच होतं तिचं. पण मी डोक्यात राख घालून घेतली. ती मागची पट्टी तेवढी हातपक्कडीनं एकट्यालाही बसवता येते. तिच्याशिवाय माझं अडत नाही, हे मला कुणाला तरी दाखवायचं होतं, आणि बघायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी लुकण कालवलं. टाकीत फुंकणीनं हवा मारली, फडक्यानं जमेल तेवढं पुसलं. हात फिरवला नाही. हात जात नाही, असं मी स्वतःला सांगितलं. जाळीदार पिशवी काडीला बांधून तरी फिरवता आली असती. ऊन वर यायच्या आत पट्टी बसली, एकही रिव्हेट वाकला नाही. इतकं सुबक काम मी आयुष्यात केलं नव्हतं. संध्याकाळी तिनं विचारलं, "टाकी बंद न्हाई ना केली?" मी म्हणालो, "न्हाई."

सकाळी टाकी उभी करून कोपऱ्यात ठेवावी म्हणून मी एक टोक उचललं, आणि आतून आवाज आला. टिक. पुन्हा आडवी केली. काहीतरी बारीक घसरत गेलं आणि फासळीला लागून थांबलं. टिक.

काय आहे ते मला त्याच क्षणी कळलं. मी टाकी खाली ठेवली आणि शेडच्या बाहेर आलो.

बसस्टँडमागे रेडिएटर दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. त्यांच्या घरात तीन पिढ्या कंदील, पेट्या आणि डब्यांचं काम चालत आलं. गाव मला हसत होतं तेव्हा विमानाकडे काम म्हणून बघणारा हा एकच माणूस. आठवड्यानं ते टाकी तपासायला आले. आम्ही टाकीत थोडी हवा भरली, वरच्या नळीला फुगा बांधला आणि त्यांनी साबणाचं पाणी एकेका रिव्हेटवरून स्वतःच्या बोटानं फिरवलं. फुगा संध्याकाळपर्यंत तसाच ताठ.

"बुलबुला एकबी नै, सर," ते म्हणाले. "मैंने ऐसा काम नै देखा." मग त्यांनी टाकी दोन्ही हातांत धरून कलती केली, कान लावला आणि माझ्याकडे पाहिलं. "पन आंदर कायतरी हाय."

"असू दे," मी म्हणालो.

"असू दे कैसे? नळीत जाऊन बसलं तर इंजिन बंद, वर आसमान में. भाभीला बोलवा. उनका हात बारीक हाय. मागून गोल कापायचं, हात घालून काढायचं, वरून थिगळ मारायचं. एक दिन का काम."

एका दिवसाचं काम मी पाच महिने केलं नाही. बोलवायचं म्हणजे आधी सांगायला हवं होतं, की बंद केली, आणि बंद केल्यावरही रोज संध्याकाळी खोटं बोललो. रोज उद्यावर ढकलायचो. आयटीआयमधून आलो की शेडमध्ये जायचो आणि टाकीचं एक टोक उचलायचो. टिक. कशासाठी उचलायचो ते सांगता येत नाही. त्या घरात माझ्याशिवाय वाजणारी तेवढी एकच गोष्ट होती.

पुढं बायको विचारायचीच थांबली. मेसच्या गडबडीत राहून जात असेल. ती विचारायची तेव्हा मला खोटं बोलावं लागायचं, पण ती विचारेनाशी झाली तेव्हा मी खरा घाबरलो. दसऱ्यानंतर एका संध्याकाळी मीच म्हणालो, "टाकीतून आवाज येऊन राहिलाय."

पलीकडे भांड्यांचा आवाज होता. ती बाजूला गेली असावी, कारण तो थांबला.

"बंद केली?"

"हाव."

"येते," ती म्हणाली.

मेसला रविवारी संध्याकाळी सुट्टी असते. दुपारची पंगत उरकून ती निघाली आणि चारच्या सुमारास पोचली. पाणीसुद्धा न पिता शेडमध्ये आली. तिच्या हातात एकेकच बांगडी होती, धातूची. चाळीस पोरांची कणीक मळताना काचेच्या टिकत न्हाईत, म्हणाली. मी टाकीचं टोक उचललं. तिनं पत्र्याला कान लावला. टिक.

"कवा बंद केली?"

"मे महिन्यात."

"अन् ह्ये कवापासून ऐकू येतंय?"

मी कारणं तयार ठेवली होती, सबंध पाच महिने. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. "दुसऱ्याच दिवशी ऐकलं," मी म्हणालो.

ती स्टुलावर बसली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं, रागाला राग मला जमतो. ती अगदी साध्या आवाजात बोलली. "मी खाली होते तवा वरून चपलांचा आवाज यायचा. माणसं यायची अन् जायची. मी वाजवून राहिले व्हते. त्यांच्या कानावर जात नव्हतं, म्हनून मला कंदी कुणाचा राग आला न्हाई. तुमच्या तर कानावर जात व्हतं."

मी मान खाली घालून पट्टीवर पेन्सिलनं गोल काढायला घेतला. दुसरं काय करणार? गोल दोनदा वाकडा आला. कापून झाल्यावर कड कानशीनं घासली. तिनं बांगडी काढून माझ्या खिशात टाकली आणि हात आत घातला. फासळ्यांमधल्या कोपऱ्याकोपऱ्यातून तो सावकाश फिरला. मग बाहेर आला. तळहातावर हिरवा तुकडा होता, लुकणाच्या धुळीनं मळलेला. तिनं तो पदराला पुसला आणि खिडकीत ठेवला.

"झालं," ती म्हणाली. "आता पुन्यांदा एकदा फिरवते, मग लावू थिगळ."

आम्ही लुकण कालवलं. नवीन डबा होता, मुदत संपलेला मी फेकला होता. थिगळाच्या रिव्हेटना डॉलीची गरज नव्हती, एका बाजूनं बसणारे रिव्हेट होते ते. तरी ती शेजारी थिगळ दाबून धरून उभी राहिली. मी "हं" म्हणालो, ती "बसला" म्हणाली. सोळा वेळा. उजेड संपायच्या आत काम संपलं. तिनं पिठलं-भाकरी केली, आम्ही अंगणात बसून जेवलो, आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं ती गेली, कारण सोमवारचा डबा आठला द्यावा लागतो. बांगडी माझ्या खिशातच राहिली. ती मी पुढच्या रविवारी नेऊन दिली.

पोरगी तिसऱ्या खेपेला पास झाली. डॉक्टरकी नाही, फिजिओथेरपी, आणि कॉलेज मिळालं नांदेडला. म्हणजे पोरगी नांदेडला, बायको लातूरला आणि मधल्या रस्त्यावर लोह्याला मी. मेस आता सत्तर ताटांची आहे. बायको सणावाराला येते, दारांतल्या विटा बघते, शेड झाडते आणि जाते. आमच्यात भांडण नाही. तिला तिथं करमतं, आणि तिनं का करमवून घेऊ नये याचं एकही कारण माझ्याकडे नाही. मी सुधारलो असं म्हणवत नाही, पण तिचा फोन आला की आता हातातलं काम खाली ठेवतो.

डावी टाकी अजिबात वाजत नाही. मी अजूनही संध्याकाळी तिचं एक टोक उचलून बघतो.

उजव्या पंखाची टाकी मी तिच्या येण्याजाण्यात तुकड्यातुकड्यानं तयार केली. दर सणाला ती तासभर आत हात घालून डॉली धरायची. तिसऱ्या वर्षी आतलं सगळं संपलं. नंतर लुकणाची मुदत दोनदा संपली, मी दोनदा नवीन मागवलं. मिस्त्री विचारतात, "सर, बंद कवा करताव?" मी लुकणाला नावं ठेवतो. परवा फोनवर बायकोनं इतक्या वर्षांनी पुन्हा तेच विचारलं, "उजवी बंद न्हाई ना केली?"

"न्हाई," मी म्हणालो. "लई काम हाय अजून आत."

काम काही नाही. फक्त हात फिरवायचा राहिला आहे.